एकच नोंद, दोनदा मोजलेली

टेक्सासमधल्या एका फेडरल कोर्टाने हद्दपारीनंतर विनापरवाना परत आलेल्या एका माणसाला ७८ महिन्यांची कैद सुनावली. त्याने गुन्हा कबूल केला होता. त्यामुळे ज्युरी नाही, साक्षीपुरावा नाही, उलटतपासणी नाही. ठरायचा राहिला होता तो फक्त आकडा. तो आकडा ज्या बेरजेवर उभा होता ती बेरीज चुकलेली होती आणि ते कोणाच्याच ध्यानात आलं नाही. न्यायाधीशांच्या नाही, सरकारी वकिलाच्या नाही, आरोपीच्या स्वतःच्या वकिलाच्याही नाही.

'रोझालेस-मिरेलेस विरुद्ध युनायटेड स्टेट्स' या नावाने हे प्रकरण पुढे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि १८ जून २०१८ रोजी निकाली निघालं. स्थलांतराचा खटला म्हटलं की वाळवंट, तारेचं कुंपण, ताटातूट झालेली मुलं असं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे त्यातलं काही नाही. इथे भांडण आहे दोन पॉइंटांचं. तरी पुनर्प्रवेशाच्या शिक्षेवरचं अपील कसं चालतं, कुठे अडतं आणि वाट कुठून निघते, हे समजून घ्यायला इतकं स्वच्छ प्रकरण मला दुसरं दिसत नाही.

गुन्हा नेमका कोणता?

आपल्या बातम्यांत 'डिपोर्ट केलं' हे वाक्य शिक्षा झाल्यासारखं वाचलं जातं. कायद्याच्या हिशेबात ती शिक्षा नव्हे. हद्दपारी ही दिवाणी कारवाई. ती चालवणारा इमिग्रेशन जज हा न्याय खात्याचा नोकर असतो आणि तो कोणाला तुरुंगवास सुनावू शकत नाही. पण एकदा बाहेर काढलेला माणूस सरकारची आगाऊ संमती न घेता परत आला की मामला फौजदारी होतो. अमेरिकी संहितेच्या आठव्या शीर्षकातलं कलम १३२६ तिथे लागू होतं. त्यासाठी सीमा ओलांडताना पकडलं जाण्याची गरज नाही. देशात कुठेही 'सापडला' एवढं पुरतं, मग तो परत येऊन कितीही काळ लोटलेला असो.

या कलमाखाली साध्या गुन्ह्याला जास्तीत जास्त २ वर्षं. हद्दपारीच्या आधी एखाद्या मोठ्या गुन्ह्यात, म्हणजे त्यांच्या भाषेत 'फेलनी'त, दोषी ठरला असेल तर १० वर्षं. आणि ती 'ॲग्रव्हेटेड फेलनी' असेल तर २० वर्षं. हा शेवटचा शब्द फसवा आहे. त्यात खून येतो तशी एक वर्षाची शिक्षा झालेली चोरीही येते, आणि ती शिक्षा प्रत्यक्षात भोगावी लागली नसली तरी येते.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचं विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यात महाराष्ट्रातले तिघे होते. त्या बातमीनंतर 'पुन्हा प्रयत्न केला तर काय होईल' हा प्रश्न कोणाकोणाच्या घरी निघाला असणारच, म्हणून सांगतो. पहिल्यांदा चोरवाटेने सीमा ओलांडणं हे वेगळं कलम आहे, १३२५, आणि त्याची कमाल शिक्षा सहा महिने. हद्दपारीचा आदेश पाठीशी असलेला माणूस 'डंकी'ने परत गेला तर त्याची गाठ १३२६ शी पडते.

आकडा येतो कुठून?

कमाल मर्यादा २० वर्षं असली तरी प्रत्यक्ष शिक्षा ठरते ती एका तक्त्यावरून. १९८४ च्या कायद्याने अमेरिकेने शिक्षा आयोग नेमला आणि १९८७ पासून फेडरल कोर्टांत शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं लागू झाली. तक्त्यात उभ्या दिशेला गुन्ह्याच्या ४३ पायऱ्या, आडव्या दिशेला आरोपीच्या पूर्वेतिहासाचे सहा वर्ग. दोन्ही जिथे छेदतात त्या चौकटीत महिन्यांची एक मर्यादा लिहिलेली असते: इतक्यापासून इतक्यापर्यंत. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने बुकर खटल्यात हा तक्ता बंधनकारक नाही, सल्ल्यासारखा आहे, असं ठरवलं. पण न्यायाधीशाने सुरुवात त्याच चौकटीपासून केली पाहिजे आणि ती चौकट बरोबर काढली पाहिजे, हे कायम राहिलं.

आपल्याकडे असा तक्ता नाही. मळीमठ समितीने २००३ मध्ये शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वं हवीत असं म्हटलं होतं, ते कागदावरच राहिलं. त्यामुळे शिक्षेवरचं अपील म्हटलं की आपले वकील आरोपीचं वय, घरची परिस्थिती, 'पहिलाच गुन्हा आहे मिलॉर्ड' याकडे वळतात. अमेरिकेत शिक्षेच्या अपिलाची सुरुवात पुष्कळदा त्रैराशिकासारखी होते.

पूर्वेतिहासाची बेरीज अशी: तेरा महिन्यांहून जास्त कैदेच्या प्रत्येक जुन्या शिक्षेला ३ पॉइंट. साठ दिवस किंवा त्याहून जास्त, पण तेरा महिन्यांच्या आतल्या शिक्षेला २. त्याहून लहान शिक्षेला १, आणि असे एकेक मिळून चारच धरायचे. एकूण १० ते १२ पॉइंट झाले तर पाचवा वर्ग, १३ किंवा जास्त झाले तर सहावा, म्हणजे शेवटचा.

ही बेरीज न्यायाधीश करत नाहीत. कोर्टाच्या प्रोबेशन ऑफिसचा अधिकारी शिक्षापूर्व अहवाल तयार करतो, त्यात ती असते. अहवालाचा हा भाग डोळ्यांसमोर आणा. एकाखाली एक जुने खटले: अटकेची तारीख, कोर्ट, आरोप, सुनावलेली शिक्षा, आणि कडेला पॉइंट. ३, २, १, ०. खाली बेरीज. रोझालेस-मिरेलेसच्या अहवालात टेक्सासमधल्या २००९ च्या एका मारहाणीच्या शिक्षेची नोंद दोनदा धरली गेली होती. गुन्हा किरकोळ वर्गातला, 'मिसडिमीनर', पॉइंट २. पण दोनदा धरल्यामुळे झाले ४. बेरीज आली १३. खरी होती ११.

किराण्याच्या वहीत एकच बिल दोनदा चढावं, तसं. फरक इतकाच की किराण्याचं गिऱ्हाईक महिनाअखेरीला वही तपासतं.

गुन्ह्याची पायरी २१ होती. २१ व्या पायरीवर सहाव्या वर्गाची चौकट सांगते ७७ ते ९६ महिने. पाचव्या वर्गाची सांगते ७० ते ८७. तेरा हा सहाव्या वर्गाचा अगदी उंबरठा आहे, हेही लक्षात घ्या. बेरीज पंधरा आली असती आणि त्यातले दोन चुकीचे असते, तर चौकट हललीच नसती, आणि मग या माणसाचं नाव कोणत्याही निकालपत्रात आलं नसतं.

आरोपीतर्फे चौकटीच्या खालची शिक्षा मागण्यात आली. ती विनंती फेटाळली गेली. चुकीच्या चौकटीचा तळ होता ७७. न्यायाधीशांनी दिले ७८. म्हणजे तळाहून एक महिना वर.

हरकत कोणी घेतली नाही

नियम असा की शिक्षापूर्व अहवाल सुनावणीच्या निदान ३५ दिवस आधी आरोपीच्या हाती पडला पाहिजे आणि मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी हरकती द्यायच्या. इथे या बेरजेवर हरकत आली नाही. सुनावणीतही कोणी बोललं नाही.

वकिलाला दोष देणं सोपं आहे, पण सीमेलगतच्या जिल्ह्यांत हे खटले ढिगाने येतात, बहुतेक आरोपी गुन्हा कबूल करतात, आणि एकसारखे दिसणारे अहवाल एकामागून एक वाचताना डोळा सरावतो. शिवाय वकिलाचं लक्ष साहजिकच मोठ्या आकड्याकडे असतं. त्या काळच्या तत्त्वांनुसार पुनर्प्रवेशाची मूळ पायरी ८ होती आणि विशिष्ट जुन्या गंभीर गुन्ह्यांमुळे तीत एकदम १६ ची भर पडायची. (हा नियम नोव्हेंबर २०१६ मध्ये बदलला.) त्या सोळांच्या सावलीत कडेच्या रकान्यातले दोन पॉइंट कोण बघतो!

रोझालेस-मिरेलेसच्या निकालाच्या दोनच वर्षं आधी, २० एप्रिल २०१६ रोजी, सुप्रीम कोर्टाने 'मोलिना-मार्टिनेझ' प्रकरण निकाली काढलं होतं. गुन्हा तोच, सर्किटही, म्हणजे अपील ऐकणारं विभागीय फेडरल कोर्टही, तेच, पाचवं. आणि चौकटीही योगायोगाने त्याच: चुकीची ७७ ते ९६, बरोबर ७० ते ८७. तिथे एकाच दिवशी सुनावलेल्या घरफोडीच्या शिक्षा वेगवेगळ्या मोजल्या गेल्या होत्या. वरच्या कोर्टात मोलिना-मार्टिनेझच्या वकिलाने 'अपिलात दम नाही' असा अर्ज दिला. अशा अर्जाला अँडर्स ब्रीफ म्हणतात, १९६७ च्या अँडर्स खटल्यावरून. त्या अर्जाला आरोपीने स्वतः, वकिलाशिवाय, उत्तर पाठवलं आणि बेरीज चुकल्याचं त्यातच पहिल्यांदा लिहिलं गेलं. सगळी यंत्रणा त्या कागदावरून नजर फिरवून गेली होती. चूक पकडली ती तुरुंगातल्या माणसाने. मला हा तपशील मूळ निकालाहूनही जास्त बोलका वाटतो.

अपिलाची चार दारं

फौजदारी निकालानंतर अपिलाची नोटीस द्यायला आरोपीला १४ दिवस मिळतात. गुन्हा कबूल केल्याने शिक्षेवर अपील करण्याचा हक्क आपोआप जात नाही. कबुलीच्या करारात 'अपील करणार नाही' असं लिहून दिलं असेल तर गोष्ट वेगळी, आणि तरीही आरोपीने सांगितल्यावर वकिलाने नोटीस दाखल केलीच पाहिजे, असं २०१९ मध्ये गार्झा खटल्यात ठरलं.

रोझालेस-मिरेलेसच्या अपिलात दोनदा मोजलेली नोंद पहिल्यांदा पुढे आली. पण खाली हरकत घेतली नव्हती. अशा वेळी वरचं कोर्ट चुकीकडे सहसा बघत नाही. अपवाद 'उघड चूक' या नियमाचा, फौजदारी कार्यपद्धतीच्या नियम ५२(ब) चा. १९९३ च्या ओलानो खटल्यापासून या नियमाला चार अटी आहेत. चूक असली पाहिजे आणि ती आरोपीने समजून-उमजून सोडून दिलेली नसावी. ती उघड असली पाहिजे. तिचा आरोपीच्या हक्कांवर परिणाम झालेला असला पाहिजे. आणि चौथी: चूक तशीच ठेवल्याने न्यायप्रक्रियेची निष्पक्षता, सचोटी किंवा लोकांमधली प्रतिष्ठा यांना गंभीर धक्का लागत असला पाहिजे. चौथी अट पुरी झाली, तरच वरचं कोर्ट आपला अधिकार वापरतं.

पाचव्या सर्किटने २०१७ मध्ये पहिल्या तीन अटी मान्य केल्या. चूक आहे, उघड आहे, आणि योग्य चौकट समोर असती तर कमी शिक्षा होण्याची वाजवी शक्यता होती. चौथ्या दारापाशी मात्र कोर्ट थांबलं. त्यांच्या मते दुरुस्तीला पात्र चूक म्हणजे सामान्य माणसाच्या सद्सद्विवेकाला हादरा देणारी, न्यायव्यवस्थेवरच ठपका ठेवणारी किंवा न्यायाधीशाच्या कुवतीबद्दल वा सचोटीबद्दल गंभीर शंका उपस्थित करणारी. ७८ महिने तर बरोबर चौकटीतही, ७० ते ८७ मध्येही, बसतात. मग हादरा कसला?

हा युक्तिवाद वरवर पटतो. दोन्ही चौकटी ७७ ते ८७ या पट्ट्यात एकमेकींवर येतात आणि ७८ त्या पट्ट्यात आहे. पण न्यायाधीशांनी ७८ निवडले ते चौकटीच्या तळाजवळचा आकडा म्हणून. तेच माप बरोबर चौकटीला लावलं तर ७१ येतात. सात महिने. ते मिळालेच असते असं कोणी सांगू शकत नाही, पण न्यायाधीशाच्या मनातला 'तळ' चुकीच्या जागी होता एवढं नक्की.

सुप्रीम कोर्ट काय म्हणालं

सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. निकालपत्र न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचं. त्यांचं म्हणणं, पाचव्या सर्किटने चौथी अट फाजील कडक केली. 'सद्सद्विवेकाला हादरा' हे माप सरकारी अधिकाऱ्यांच्या अरेरावीचे खटले तपासण्याचं. त्याचा इथे संबंध नाही. न्यायाधीशाच्या सचोटीवर बोट ठेवणारी चूकच दुरुस्त करायची म्हटलं, तर अनवधानाने झालेली कुठलीच चूक दुरुस्त होणार नाही, आणि उघड चुकांचा नियम तर अनवधानाच्या चुकांनाही लागू होत आला आहे. चौकटीची बेरीज बरोबर करण्याची अंतिम जबाबदारी कोर्टाची. ती चुकून कोणी गरजेपेक्षा जास्त काळ तुरुंगात राहण्याची शक्यता असेल, तर सामान्यतः चौथी अट पुरी झाली असंच धरायला हवं.

इथे त्यांनी एक अवतरण वापरलं, आणि ते निवडण्यात मुत्सद्दीपणा होता. आपल्याच हातून झालेल्या उघड चुका सुधारायला कोर्टांनी नकार दिला आणि त्यापायी माणसं कायद्याने सांगितल्याहून जास्त दिवस कोठडीत खितपत राहिली, तर कोणत्या समंजस नागरिकाच्या मनातून न्यायप्रक्रिया उतरणार नाही, अशा अर्थाचं ते वाक्य. ते लिहिलं होतं नील गोरसच यांनी, २०१४ मध्ये, दहाव्या सर्किटवर न्यायाधीश असताना. निकालाच्या वेळी ते सुप्रीम कोर्टात बसत होते आणि बहुमतात होते.

वकिलांनी जपून ठेवावा असा आणखी एक मुद्दा आहे. या माणसाचा पूर्वेतिहास चांगला नाही, मग त्याच्यासाठी एवढी उठाठेव कशाला, असा सूर विरोधी बाजूने होता. सोटोमायोर यांनी उत्तर दिलं की पूर्वेतिहास किती शिक्षा द्यायची हे ठरवताना बघायचा. तोच पूर्वेतिहास मोजण्यात कोर्टाची चूक झाली असेल, तर ती चूक झाकायला त्याचा आधार घेता येत नाही.

वाचेपर्यंत हे इतकं सरळ वाटत नाही. अपिलात आरोपीचं तोंड बघून चुकीचं वजन ठरवण्याची सवय फक्त अमेरिकेतली नाही.

न्यायमूर्ती थॉमस यांनी विरोधी मत दिलं, अलिटो त्यांच्यासोबत होते. त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. उघड चुकीचा नियम अपवाद आहे. तो वरचेवर वापरला तर खालच्या कोर्टात वेळेवर हरकत घेण्याची शिस्त सुटेल. चौथी अट पुरी झाल्याचं दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. आणि मिळालेली शिक्षा बरोबर चौकटीतच असेल, तर प्रतिष्ठेला धक्का लागला असं कसं म्हणायचं? बहुमताचा प्रतिवाद व्यवहारी होता. हरकत मुद्दाम लपवून ठेवायची, अशिलाला जास्त शिक्षा होऊ द्यायची आणि मग अपिलात नशीब अजमावायचं, असा डाव कोणता वकील खेळेल? शिवाय इथे पूर्ण खटला नव्याने चालवायचा नाही. साक्षीदार बोलवायचे नाहीत, ज्युरी बसवायची नाही. शिक्षेची सुनावणी तेवढी पुन्हा घ्यायची.

मला बहुमत पटतं, आणि त्याला कारण हिशेबाचं आहे. बेरीज कोर्टाच्या माणसाने केली, कोर्टानेच मान्य केली. तिचा भुर्दंड तेवढा आरोपीने का भरावा?

अशिलाला काय सांगायचं

पुनर्प्रवेशाच्या शिक्षेविरुद्ध अपील करायचं म्हणून येणारा माणूस आपली कहाणी घेऊन येतो: मुलं तिथे आहेत, वीस वर्षं तिथे काढली, गावी कोणी उरलेलं नाही. ती खरी असते, पण वरच्या कोर्टात तिचा उपयोग मर्यादित. चौकट बरोबर असेल आणि शिक्षा तिच्या आत असेल, तर 'शिक्षा फार झाली' एवढ्यावर अपील जिंकणं दुर्मीळ.

दुसरा मुद्दा हटकून येतो तो कमाल मर्यादेचा. जुना गुन्हा आरोपपत्रात लिहिलेला नसताना दोन वर्षांची मर्यादा वीसवर कशी गेली? हा प्रश्न १९९८ मध्ये आल्मेंदारेझ-टोरेस खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी आरोपीविरुद्ध गेला. जुनी शिक्षा हा गुन्ह्याचा घटक नाही, शिक्षा ठरवण्याची बाब आहे, असं कोर्टाने म्हटलं. तेव्हा बहुमतात असलेले थॉमस यांनी पुढे आपलं मत बदलल्याचं उघड लिहिलं, तरी निकाल अजून उभा आहे. म्हणून वकील हा मुद्दा एका परिच्छेदात नोंदवून ठेवतात, पुढेमागे कायदा फिरलाच तर हाती असावा म्हणून.

उरतो तो अहवाल. अशिलाशेजारी बसून, त्याच्या भाषेत, एकेक ओळ वाचायची. ही तारीख कशाची? हाच खटला वर आला आहे का? या दोन शिक्षा एकाच दिवशी झाल्या का? साठ दिवसांची म्हणून धरलेली शिक्षा प्रत्यक्षात पंचेचाळीसची तर नाही? स्वतःच्या शिक्षांच्या तारखा माणूस सहसा विसरत नाही.

आणि वेळेचं गणित. या अपिलाला खालच्या कोर्टातून सुप्रीम कोर्टापर्यंत जायला दोन वर्षांच्या वर लागली. ७८ महिन्यांच्या शिक्षेत ती परवडतात. पुनर्प्रवेशाच्या कित्येक शिक्षा याहून खूप लहान असतात. तिथे अपिलाचा निकाल येईपर्यंत माणूस शिक्षा संपवून पुन्हा विमानात बसलेला असतो.

जिंकून रोझालेस-मिरेलेसला सुप्रीम कोर्टाकडून मिळालं काय? एक दिवसही कमी झाला नाही. पाचव्या सर्किटचा निकाल उलटवून प्रकरण परत खाली पाठवलं गेलं. ११ पॉइंट, पाचवा वर्ग, ७० ते ८७ ही चौकट समोर ठेवून न्यायाधीशाने पुन्हा विचार करावा, एवढाच त्याचा अर्थ. त्या विचाराअंती पुन्हा ७८ च द्यायला कायद्याची आडकाठी नव्हती.